ढब्बूचा पत्ता

आपला खरा ईमेल पत्ता कुणाला म्हणजे कुणालाही द्यायचा नाही, हा कवळीवाल्यांचा बाणा होता.

माणूस तसा सरळमार्गी. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्या तोंडांना दात दिले ते त्यांनीच. डॉक्टर पेशंटच्या जबड्याचा ठसा पाठवायचे, कवळीवाले त्यात प्लॅस्टर ओतून साचा काढायचे, मेणात दात बसवून बघायचे आणि मनासारखं जमलं की कवळी पक्की करायचे. हे सगळं घराच्याच पुढच्या खोलीत. भिंतीवरच्या फळीवर पांढऱ्याफटक जबड्यांची रांग लागलेली असे. नवखा माणूस आत आला की दारातच बिचकायचा. कवळीवाल्यांना त्याचं काही वाटत नसे. त्यांना धास्ती एकाच गोष्टीची, फुकट येणाऱ्या मेलची.

त्याचं असं झालं, की एकदा त्यांनी घरबसल्या बुटांचा एक जोड मागवला. बूट आले, आणि मागोमाग बुटांचं अख्खं खानदान दारात उभं राहिलं. आज सवलत, उद्या महासवलत, परवा शेवटची संधी, तेरवा शेवटच्या संधीला मुदतवाढ. "बूट घेतला एकदा, म्हणून काय मी गोम आहे का?" कवळीवाले कडाडले. त्या गडबडीत एका डॉक्टरचं तातडीच्या कामाचं पत्र दिसायचं राहिलं आणि एक आजोबा लग्नात बोळक्या तोंडाने मिरवले. तेव्हा कुणीतरी त्यांना ती साइट दाखवली.

साइट मोठी सोयीची. मनात येईल ते नाव टाका, त्या नावाची पेटी उघडते. पासवर्ड नाही, चौकशी नाही. तेच नाव दुसऱ्या कुणी टाकलं तर त्यालाही तीच पेटी उघडते, पण कचऱ्याच्या डब्याला कुलूप हवंय कशाला? आलेली पत्रं थोड्या दिवसांनी आपोआप पुसली जातात. तिथून पाठवता मात्र काही येत नाही. येतं तेवढंच. कवळीवाल्यांनी नाव टाकलं ढब्बू. लहानपणी ते गोलमटोल होते आणि गल्ली त्यांना त्याच नावाने चिडवायची. आता तो ढब्बू कामाला आला.

तेव्हापासून साऱ्या जगाने ढब्बूला लिहावं आणि कवळीवाल्यांनी सुखाने नांदावं, असा कारभार सुरू झाला. सदऱ्याच्या दुकानाला ढब्बूचा पत्ता. चष्म्याच्या दुकानाला ढब्बूचा पत्ता. वाचनालयाच्या कार्डासाठी फोटो दिला, तिथेही पत्ता ढब्बूचाच. आता बघा, पत्ता खोटा असला तरी बाकी सगळं खरंच द्यावं लागतं. गळ्याचं माप खोटं सांगून सदरा कसा बसेल? चष्म्याचा नंबर, बुटाचा आकार, जन्मतारीख, बारीक मिश्यांचा तो फोटो, सगळं चोख ढब्बूच्या नावावर जमा होत गेलं.

"अरे, तो ढब्बू तुझ्याहून मोठा माणूस झालाय," ताई म्हणायच्या. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. कवळीवाल्यांची बायको गेली तेव्हा मुलगी अगदी लहान होती. तिला वाढवायला म्हणून ताई आल्या आणि इथल्याच झाल्या. जिभेला धार, गुडघ्यात कळ, बाकी सगळं मऊ. "वाढदिवसाला सगळा बाजार त्याला शुभेच्छा देतो. तुला देणारी मी एकटी."

मुलीला घरात ठकू म्हणायचे. कवळीवाल्यांचा पुढचा एक दात जरासा वळलेला होता आणि त्याचा कोपरा उडालेला होता. दुसऱ्यांना देखणे दात करून देणारा माणूस स्वतः असा. ठकू लहान असताना त्यांच्या मांडीवर बसून त्या कोपऱ्यावर बोट ठेवायची आणि विचारायची, "बाबा, उंदराने खाल्ला?" ते म्हणायचे, "उंदीर नाही, ठकीने खाल्ला." मग ती खिदळत सुटायची. मोठी झाली तरी लाडात आली की तिचं बोट त्या दातावर यायचंच.

पुढे ठकूला दूर देशी नोकरी लागली आणि घरात वादळ उठलं. कवळीवाल्यांना ती जायला नको होती. पण 'जाऊ नकोस, मला करमणार नाही' एवढं साधं वाक्य त्यांच्या घशातून कधी बाहेर पडलं असेल तर शपथ. त्याऐवजी ते आवाज चढवत राहिले. ती निघाली त्या दिवशी बसस्टँडवर तर त्यांनी कळसच केला. "जातेस तर जा. इथे तुझी वाट बघायला कुणी रिकामं बसलेलं नाही."

ठकूचा चेहरा उतरला. तिने बॅग उचलली आणि म्हणाली, "फोनवर तुम्ही नुसते ओरडता. मी लिहीन. पत्ता द्या तुमचा."

आणि कवळीवाल्यांच्या तोंडून ढब्बूचा पत्ता बाहेर पडला.

निम्मी सवय होती आणि निम्मा राग. लिहू दे तिला, जिथे वाचण्याची सक्ती नाही तिथे लिहू दे, असंही त्यांना वाटून गेलं. खोटं कशाला बोला? ठकू मात्र तेवढ्यातही हसली. "ढब्बू काय, बाबा!" तिचं बोट त्यांच्या दाताकडे अर्ध्यापर्यंत आलं आणि खाली गेलं. गाडी सुटली.

पहिले काही आठवडे कवळीवाले चोरून ती पेटी उघडून बघायचे. बूट होते, सदरे होते, ठकू नव्हती. नाही लिहायचं तर नको लिहू, म्हणून ते घुश्श्यात राहिले. ताईंनी फोन लावून पाहिला, तर नंबर बदललेला. नवा नंबर कुणाकडेच नव्हता. बघता बघता वर्षं गेली. कवळीवाले वाळले, मिश्या गेल्या, केस पिकले. ठकूचा विषय घरात निघेनासा झाला, पण तिच्या पलंगावरची चादर ताई दर आठवड्याला बदलत होत्या.

मध्यंतरी एक विचित्र काम आलं. ओळखीच्या एका डॉक्टरचा फोन आला. "कवळीवाले, एक अजब गिऱ्हाईक आहे बघा. दात एकदम सरळ, आणि त्याला हवेत वाकडे. खऱ्या दातांवर चढवायचा पातळ मुखवटा हवाय. पुढचा एक दात वळलेला, कोपरा उडालेला. नाटकात काम करत असेल."

"नमुना आहे का काही?"

"नमुना नाही. म्हणाला, कारागीर हुशार आहे, त्याला सुचेल."

कवळीवाल्यांना ते आव्हानच वाटलं. वाकडा दात घडवणं सरळ दाताहून अवघड. खोटा वाकडेपणा लगेच ओळखू येतो. नमुना शोधायला लांब कशाला जायचं? त्यांनी समोर आरसा ठेवला, ओठ वर केला आणि स्वतःचाच दात मेणात उतरवला. वळण तेच, उडालेला कोपरा तोच, चहाने आलेला पिवळेपणासुद्धा तोच. इतकं जमलेलं काम त्यांच्या हातून आजवर झालं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, गिऱ्हाईक बेहद्द खूश आहे, आरशापुढून हलेना.

पण इतका वेळ आरशात बघितल्यावर कवळीवाल्यांना स्वतःचा दात नकोसा झाला. तो दुखायलाही लागला होता. त्यांनी तो डॉक्टरकडून काढून घेतला आणि स्वतःच्या हाताने केलेला पांढरा, सरळ दात बसवून घेतला.

"चांगला होतास की," ताई म्हणाल्या. "आता घोड्यासारखा दिसतोस."

हे सगळं मागे पडलं. मग एका सकाळी कवळीवाल्यांनी प्लॅस्टर कालवायचं नवीन यंत्र मागवलं. दुकानाने खात्रीचा कोड पाठवला, अर्थात ढब्बूला. पेटी उघडली. कोड होता. आणि कोडच्या वर, आत्ताच आलेलं, ठकूचं पत्र होतं.

कवळीवाल्यांचे हात प्लॅस्टरने भरलेले होते, तसेच त्यांनी ते उघडलं.

'बाबा, तिकीट काढलं! शनिवारी दुपारच्या गाडीने पोचते. तुम्ही म्हणालात तशी स्टँडवरच थांबेन. आत्या गेल्यावर ते घर विकलंत, फोन बंद केलात, हे बरंच केलंत. त्या घरात मला तिच्याशिवाय पाऊल टाकवलं नसतं. तुमच्या पत्रांनी मला किती आधार दिला ते समोर आले की सांगेन. तुमची ठकू.'

खाली ज्या पत्राला तिने उत्तर दिलं होतं, ते होतं. कवळीवाल्यांनी तेही वाचलं. 'ठकू, त्या दिवशी स्टँडवर मी म्हणालो की वाट बघायला कुणी रिकामं नाही. खोटं बोललो मी. तू गेल्यापासून मी दुसरं काही केलेलंच नाही. मला ओरडता येतं, बोलता येत नाही, म्हणून लिहितो आहे. ये बाळा. बाबा.'

ते वाचून त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. अगदी हेच. इतकी वर्षं छातीत अडकून बसलेलं वाक्य कुणीतरी हसत हसत लिहून टाकलं होतं. आणि मग त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्या पत्त्यावरून काही पाठवता येतच नव्हतं. मग हे पत्र गेलं कसं? आणि स्टँडवर ते काय बोलले, हे त्यांनी ताईंनासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

त्यांनी ताईंना हाक मारली. ताई वाटाणे सोलत होत्या, तशाच परात घेऊन आल्या. त्यांनी पत्र वाचलं.

"मी गेले? कधी गेले? मला कुणी कळवलं नाही ते!" म्हणून त्या हसल्या. हसता हसता मटकन खुर्चीत बसल्या. "अरे, पोर रडली असेल रे माझ्यासाठी. परक्या गावात, एकटी."

"कुणीतरी भामटा आहे," कवळीवाले म्हणाले. "पेटीला कुलूप नाही. हा मेला पहिल्यापासून तिची पत्रं उचलतोय आणि उत्तरं देतोय. मला दिसायच्या आत पुसूनही टाकत असेल."

"मग हे का नाही पुसलं?"

फळीवरचे जबडे त्यांच्याकडे दात विचकून बघत होते. रोजचेच जबडे, पण त्या दिवशी कवळीवाल्यांनी उठून त्यांच्यावर फडकं टाकलं.

ठकूचा पत्ता आता हाती आला होता. त्यांनी आपल्या खऱ्या पत्त्यावरून तिला लिहिलं. कसं लिहिलं? ते जसे बोलत तसं. 'ठकू! हा माणूस भामटा आहे! मी तुझा बाप आहे! आत्या धडधाकट आहे! डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? ताबडतोब फोन कर!'

संध्याकाळच्या आत उत्तर आलं.

'तुम्ही कोण आहात, मला माहीत नाही. असं कुणीतरी लिहील, हे बाबांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं. माझे बाबा एकेकाळी असे लिहायचे, हे खरं आहे. आता ते तसे राहिलेले नाहीत. तुमची यापुढची पत्रं आपोआप कचऱ्यात जातील. पुन्हा लिहू नका.'

कवळीवाल्यांनी पुन्हा लिहिलं. पुन्हा पुन्हा लिहिलं. विनवण्या केल्या, माफी मागितली, आयुष्यात पहिल्यांदा बाळा म्हटलं. सगळं कचऱ्यात गेलं. बुटांच्या सवलतींच्या शेजारी कुठेतरी पडलं असेल.

"स्टँडवर जा," ताई म्हणाल्या. "आता एवढंच उरलंय. माझा गुडघा असा नसता तर मीच आले असते. हे बघ, ती दिसली की मला फोन लाव आणि तिच्या कानाला दे. मेलेलं माणूस फोनवर बोलत नाही, एवढं तर कळेल ना तिला?"

शनिवारी कवळीवाले गाडीच्या कितीतरी आधी स्टँडवर जाऊन उभे राहिले. लख्ख ऊन होतं. माणसं बॅगा ओढत होती, पोरं रडत होती, कुणी चहाचे कप घेऊन जात होतं. भिण्यासारखं तिथे काहीच नव्हतं, तरी कवळीवाले घटकेघटकेला मागे वळून बघत होते.

गाडी आली. ठकू उतरली. थोडी भरली होती, केस आखूड केले होते, बाकी तीच. कवळीवाल्यांचा जीव गोळा झाला. ते पुढे झाले. ठकूने मान वर केली, तिचे डोळे त्यांच्यावरून सरकले आणि मागे जाऊन थांबले. ती हसली.

"बाबा!"

त्यांच्या खांद्याला घासून एक माणूस पुढे गेला. अंगात निळा सदरा. तो सदरा कवळीवाल्यांनी ओळखला. तेच दुकान, तेच गळ्याचं माप. बूट तेच, चष्म्याची काडी तीच. चालताना डावा पाय किंचित बाहेर टाकायची तीच ढब. वाचनालयाच्या कार्डावरच्या फोटोतल्या बारीक मिश्या, काळे केस. ठकू ज्या दिवशी गेली त्या दिवशी कवळीवाले जसे होते, अगदी तस्सा. तो वाळला नव्हता, पिकला नव्हता. त्याला कुणी सोडून गेलंच नव्हतं ना!

तो माणूस हसला. पुढचा दात वळलेला, कोपरा उडालेला, चहाचा पिवळेपणा. कवळीवाल्यांनी आपलं काम ओळखलं. एवढीच एक वस्तू त्या माणसाकडे नव्हती, आणि ती त्यांनी स्वतःच्या हाताने करून दिली होती.

ठकूने बोट उचललं आणि अलगद त्या कोपऱ्यावर ठेवलं. "उंदराने खाल्ला?"

"उंदीर नाही," तो माणूस म्हणाला, "ठकीने खाल्ला."

"ठकू!" कवळीवाले ओरडले. ओरडूनच बसले. लोक वळून बघू लागले. ठकू दचकली आणि त्या माणसाच्या आड सरकली. "ठकू, मी आहे! बघ, नीट बघ माझ्याकडे! हा दात माझा आहे, मी केलाय तो!" त्यांनी तिला दाखवायला तोंड उघडलं. तोंडात पांढरा, सरळ, घोड्यासारखा दात होता.

ठकूच्या डोळ्यांत ओळख नव्हती. भीती होती, आणि त्याहून वाईट म्हणजे थोडीशी दया होती. "काका," ती म्हणाली, "प्लीज. जाऊ द्या आम्हाला."

काका. कवळीवाल्यांनी फोन लावला आणि तिच्यापुढे धरला. "आत्याशी बोल. घे. आत्या आहे."

"ठकू!" फोनमधून ताईंचा आवाज फुटला. "अगं पोरी, मी आहे गं! जिवंत आहे मी! ठकू, बोल ना गं!"

ठकूचा चेहरा पांढरा पडला. "आत्या?" तिने हात पुढे केला. क्षणभर, एकच क्षण, तिचा हात फोनपाशी होता.

"बाळा," तो माणूस हळू आवाजात म्हणाला, "हल्ली आवाजसुद्धा काढतात." तो अजिबात चिडला नव्हता. कवळीवाल्यांना जन्मात जमलं नाही इतकं मायेने तो बोलला.

ठकूने हात मागे घेतला आणि रडायला लागली. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला, दुसऱ्या हाताने तिची बॅग घेतली. कवळीवाले मागे धावले, तशी दोन-चार माणसं मध्ये पडली. "अहो आजोबा, मुलीला त्रास देताय, शोभतं का या वयात?" कुणीतरी त्यांचा दंड धरला. तो सुटेपर्यंत बापलेक गर्दीत दिसेनासे झाले होते. कवळीवाल्यांच्या हातातल्या फोनवर ताई अजून हाका मारत होत्या.

घरी आले तेव्हा ताई ठकूच्या पलंगावर बसल्या होत्या. नवी चादर त्यांच्याखाली चुरगळली होती. फोनवरून त्यांनी सगळं ऐकलंच होतं.

"आत्या म्हणाली ना रे ती?" त्या म्हणाल्या. "मला ऐकू आलं. एकदा म्हणाली."

"म्हणाली."

कवळीवाले पुढच्या खोलीत गेले. आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी हात सवयीने चालले आणि त्यांनी ढब्बूची पेटी उघडली. एक पत्र होतं. पाठवणाऱ्याच्या जागी त्यांचा स्वतःचा खरा पत्ता होता, जो त्यांनी आजवर जिवापाड जपला होता.

'ठकू सुखरूप घरी पोचली. काळजी नसावी. आजवर तुम्ही मला जे जे दिलंत, ते सगळं नीट वापरतो आहे. मला ढब्बूचा पत्ता आता लागणार नाही, तो तुम्ही घ्या. यापुढे इथे जे येईल, ते तुमचं.'

त्यांनी ते वाचलं. आणखी एकदा वाचलं. थोड्या दिवसांनी ते आपोआप पुसलं जाणार होतं, मग कुणाला दाखवायलाही काही राहणार नव्हतं. बाहेर ऊन तसंच लख्ख होतं. फळीवर फडक्याखाली जबडे गप्प होते.

तेवढ्यात टिंग वाजलं आणि नवीन पत्र आलं. बुटांच्या दुकानाचं.

'प्रिय ढब्बू, बऱ्याच दिवसांत भेट नाही. आम्हाला तुमची आठवण येते.'

"कुणाचं आलं रे?" आतून ताईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात अजून आशा होती.

कवळीवाल्यांचं बोट पुसायच्या बटणावर गेलं आणि तिथेच थांबलं. त्यांनी ते पत्र पुसलं नाही.

"माझं आहे," ते म्हणाले.